उडणाऱ्यानें अंगांत काय घालावें ?

ज्या घरांतील मुलें पूर्वीं दिवाळीच्या सुटींत फार तर महाबळेश्वरास, नाहीं तर आजोळीं जात, त्याच घरांतील मुलें, आणि मुलीसुद्धां, आतां हिमाचल प्रदेशांतील कांगडा जिल्ह्यांत बीर-बिलिंग येथें जातात आणि तलम नायलॉनच्या एका पंखाखालीं दोरांनीं लोंबत, धवलधार पर्वताच्या कडेनें तास-तासभर उडून परत येतात. या खेळास पॅराग्लायडिंग म्हणतात. त्यांत यंत्र नाहीं, चाकें नाहींत, बसावयास बंदिस्त जागा नाहीं. उन्हानें तापलेल्या उतारावरून जी ऊन हवा वर चढते तिच्यांत गिरक्या घेत, पंख न हालवितां घार जशी वर जाते, तसाच हा उडणाराही वर जातो. आमच्या पुण्याजवळ कामशेतच्या टेकड्यांवर या विद्येचे वर्ग चालतात. तेथें हात बसला कीं शिष्यांचें लक्ष हिमालयाकडे लागतें.

हा खेळ खेळावा कीं न खेळावा, हा वाद येथें काढावयाचा नाहीं. तो ज्या त्या घरच्या वडील माणसांनीं सोडवावा. आणि तो बहुधा वडील माणसांच्या मनाविरुद्धच सुटतो, असा सार्वत्रिक अनुभव आहे. परंतु एकदां जावयाचें ठरलें, पैसे भरले, गाडीचीं तिकिटें निघालीं, म्हणजे मग एक प्रश्न उरतो, आणि तो मात्र वडील माणसांनीं लक्ष घालावें असाच आहे. अंगांत घालावयाचें ऊबदार वस्त्र कोणतें घ्यावें ? दुकानांत गेल्यास दुकानदार जें अंगास शोभून दिसतें तें दाखवितो; मुलें, मित्रांनीं जें घेतलें असेल तें मागतात; आणि आई-आजी, जें सर्वांत जाड तें घ्या म्हणतात. या तिन्ही मार्गांनीं योग्य वस्त्र मिळेल असा भरंवसा नाहीं.

प्रथम थंडी किती असते हें पाहूं. बीरचें उतरण्याचें मैदान समुद्रसपाटीपासून सुमारें १,५०० मीटर उंचीवर आहे, उड्डाणाची जागा बिलिंग ही सुमारें २,४०० मीटरवर आहे, आणि चांगल्या दिवशीं कसलेले उडणारे ४,००० मीटरपर्यंत, प्रसंगीं त्याहूनही वर, जातात. उंची वाढत गेली कीं हवा थंड होत जाते हें शाळेंत सर्वांनीं वाचलेलें असतें. सरासरीनें दर १,००० मीटरांस साडेसहा अंश उतरतात, असें पुस्तकांत असतें. पण येथें एक बारीक गोष्ट आहे. ज्या दिवशीं ऊन हवा जोरानें वर चढते, त्याच दिवशीं उडतां येतें. आणि वर चढणारी कोरडी हवा प्रसरण पावतांना दर १०० मीटरांस जवळ जवळ एक पूर्ण अंश थंड होते. म्हणून उडणाऱ्यानें हिशेब सरासरीचा न करतां या दुसऱ्या दरानें करावा. समजा, नोव्हेंबरांत दुपारीं बीरला २२ अंश आहेत. खालीं चहाच्या टपरीवर बसलेला मनुष्य सदऱ्यावर बसलेला असतो. त्याच वेळीं ४,००० मीटरवर, म्हणजे अडीच हजार मीटर वर, पंचवीस अंश उणे करून हवा शून्याच्या खालीं तीन अंशांवर असते. एका तासाच्या आंत मनुष्य कार्तिकांतून काश्मीरच्या माघांत जाऊन पोंचतो, आणि तेंही वाहनाच्या कांचेआड नव्हे.

आतां त्यांत वारा मिळवा. पॅराग्लायडर हवेंतून ताशीं ३५ ते ४० किलोमीटर वेगानें पुढें सरकत असतो. खालीं झाडाचें पान हालत नसलें तरी उडणाऱ्याच्या तोंडावर हा वारा अखंड असतोच. तो थांबला तर पंखच कोसळेल. वाऱ्यानें थंडी किती वाढते याचा पहिला शास्त्रीय अभ्यास पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसल या दोघां अमेरिकनांनीं अंटार्क्टिकांत केला. त्यांनीं पाण्यानें भरलेली नळी उघड्यावर टांगली आणि निरनिराळ्या वाऱ्यांत तें पाणी गोठावयास किती वेळ लागतो तें मोजलें. तो अभ्यास १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें २००१ सालीं अमेरिका व कॅनडा येथें त्या गणितांत सुधारणा झाली. त्या सुधारलेल्या सूत्रांत आपले आंकडे घातले, तर उणे तीन अंशांची हवा ताशीं ४० किलोमीटर वाऱ्यांत उघड्या त्वचेस उणे अकरा अंशांसारखी बोंचते, असें उत्तर येतें.

तिसरी गोष्ट दुकानदारास बहुधा ठाऊक नसते, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची तीच आहे. उडणारा मनुष्य स्वस्थ बसलेला असतो. पाठीवर ओझें घेऊन चढण चढणाऱ्या गिर्यारोहकाच्या अंगांत चुलीसारखी आंच पेटलेली असते. बसलेल्या माणसाच्या अंगांतून साधारण १०० वॅट, म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याइतकीच, उष्णता निघते. चढण चढणाऱ्याच्या अंगांतून तिच्या चौपट-पांचपट निघूं शकते. म्हणून डोंगर चढणाऱ्यांकरितां केलेलें वस्त्र उडणाऱ्यास पुरेलच असें नाहीं. दुकानांतील वस्त्राच्या चिठीवर “उणे दहापर्यंत चालेल” असें लिहिलेलें असतें. कोणाला चालेल, बसणाऱ्यास कीं चालणाऱ्यास, हें बहुधा लिहिलेलें नसतें. त्या आंकड्यावर विसंबूं नये.

थंडी आणि वारा हे दोन निरनिराळे शत्रू आहेत, हें आपल्या पूर्वजांस चांगलें ठाऊक होतें. अमरकोशांत वस्त्रांच्या नांवांत ‘नीशार’ असा एक शब्द आहे. हिम आणि वारा या दोहोंचें निवारण करणारें पांघरूण, असा त्याचा अर्थ अमरसिंहानें दिला आहे. नुसतें ऊबदार तें नीशार नव्हे, आणि नुसतें वारा अडविणारें तेंही नव्हे. हा शब्द मराठींत उतरला नाहीं, ही खेदाची गोष्ट. आपल्याकडे जाकीट म्हटलें कीं बिनबाह्यांची बंडीच डोळ्यांपुढें येते, म्हणून नाइलाजानें जॅकेट हा शब्द चालवावा लागतो.

उडणाऱ्यांच्या वस्त्राचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि त्यांत जे धडे आहेत ते आजही जसेच्या तसे लागू पडतात. पहिल्या महायुद्धांतील विमानें उघडीं असत. वैमानिक कातड्याचे लांब कोट घालीत, तोंडास चरबी चोळीत, आणि तरीही काकडून जात. ब्रिटिशांच्या नाविक वायुदलांत सिडनी कॉटन नांवाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक होता. एके दिवशीं घाईनें उड्डाण करावें लागल्यामुळें तो इंजिनाच्या कामाच्या वेळीं घालावयाच्या तेलकट कपड्यांतच वर गेला. खालीं उतरल्यावर इतर सर्व कुडकुडत होते, त्याला मात्र थंडी फारशी लागली नव्हती. तेलानें माखल्यामुळें कापडाचीं छिद्रें बुजलीं होतीं आणि आंतील ऊब वाऱ्यानें नेली नव्हती, हें त्यानें ताडलें. मग १९१७ सालीं त्यानें लंडनमध्यें एक तीन पदरी पोशाख शिवून घेतला: आंत पातळ केसाळ अस्तर, मध्यें हवा न शिरूं देणारें रेशीम, आणि बाहेर घट्ट विणीचें कापड. त्याच्या नांवाचीं आद्य अक्षरें जोडून त्यास ‘सिडकॉट’ म्हणूं लागले, आणि पुढें कित्येक वर्षें ब्रिटिश वायुदलांत तो वापरांत होता. कातडें, केस, जाडी यांहून हवा अडविणारा पदर महत्त्वाचा, हा त्यांतला मुद्दा.

त्यानंतर मेंढीच्या कातड्याचा काळ आला. लेस्ली अर्विन या अमेरिकनानें १९१९ सालीं विमानांतून उडी टाकून, हवेंत असतां स्वतःच्या हातानें दोरी ओढून पॅराशूट उघडून दाखविलें. पुढें इंग्लंडांत कारखाना काढून त्यानें ब्रिटिश वायुदलाकरितां लोंकर आंत वळविलेलें मेंढीच्या कातड्याचें जॅकेट तयार केलें. चित्रपटांतून दुसऱ्या महायुद्धांतील वैमानिक ज्या जाड कॉलरच्या जॅकेटांत दिसतात तीं हींच. अमेरिकन दलाचें १९३१ सालचें ए-टू हें पातळ कातड्याचें जॅकेट वारा अडवी, पण फारसें ऊबदार नव्हतें. म्हणून १९३४ सालीं मेंढीच्या कातड्याचें बी-थ्री निघालें. हीं ऊबदार खरीं, पण अवजड. त्यांत हात नीट वळत नसत. आणि खिडक्या उघड्या ठेवून २५,००० फुटांवर बंदुका चालविणाऱ्या बाँबफेकी विमानांतील शिपायांस तींही पुरलीं नाहींत. युरोपांतील हवाई युद्धाच्या पहिल्या काळांत अमेरिकन दलांतील जितके लोक शत्रूच्या माऱ्यानें जखमी झाले, त्यांहून अधिक हिमदंशानें कामास मुकले. शेवटीं विजेनें तापणारे कपडे द्यावे लागले.

विजेच्या कपड्यांची ही युक्ति आपल्या देशांतही पूर्वीं वापरली गेली होती. ३ एप्रिल १९३३ रोजीं बिहारांतील पूर्णियाजवळच्या मैदानावरून दोन ब्रिटिश विमानें निघालीं आणि एव्हरेस्ट शिखरावरून प्रथमच उडून परत आलीं. त्यांतील वैमानिकांच्या अंगांत विजेनें गरम होणारे पोशाख होते. आज त्याच तत्त्वावर, बोटभर जाडीच्या बॅटरीवर चालणारे हातमोजे बाजारांत मिळतात. त्यांविषयीं पुढें येईल.

जेट विमानें आलीं तेव्हां कातड्याचें राज्य संपलें. कातडें पावसांत भिजे, आणि तें भिजलेलें कातडें उंच आकाशांत गोठून ताठ होई. शिवाय त्याची जाडी वैमानिकाच्या अरुंद आसनांत अडचण करी. म्हणून १९५० नंतरच्या दशकांत नायलॉनचें एमए-वन हें हलकें जॅकेट निघालें. त्यास पुढें नारिंगी रंगाचें अस्तर दिलें, तें अपघात झाल्यास उलटें करून घालावें आणि शोधणाऱ्यांस दुरून दिसावें म्हणून. आज महाविद्यालयीन तरुण ‘बॉम्बर’ म्हणून जें जॅकेट मिरवितात तें याच कुळांतील. फर्ग्युसन रस्त्यावर हिंडावयास तें उत्तम. ४,००० मीटरवर न्यावयाचें असेल तर त्याची कंबर आंखूड असते, एवढें ध्यानांत ठेवावें; बसल्यावर पाठीमागें जी फट पडते तिच्यांतून वारा थेट कण्यास लागतो.

हंस-बदकांच्या मऊ लवेचें जॅकेट हें सांप्रत सर्वांत लोकप्रिय. त्याचीही कथा विमानाशीं जोडलेली आहे. एडी बॉअर नांवाच्या सिअ‍ॅटल येथील व्यापाऱ्यास हिवाळ्यांत मासे धरावयास गेला असतां, ओल्या लोंकरी कपड्यांत गारठून मृत्यूनें जवळ जवळ गांठलें होतें. त्यानंतर १९३६ सालीं त्यानें लव भरून, टांके घालून कप्पे पाडलेलें जॅकेट विकावयास काढलें; आणि दुसऱ्या महायुद्धांत त्याच धर्तीचे कोट अमेरिकन वैमानिकांकरितां हजारोंनीं केले.

लवेची ऊब तिच्या तंतूंत नसून त्या तंतूंनीं अडकवून ठेवलेल्या स्थिर हवेंत असते. हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. पाण्यांतून उष्णता हवेच्या सुमारें चोवीसपट वेगानें निघून जाते. म्हणूनच लव भिजून तिच्या गुठळ्या झाल्या कीं ऊब संपली. लवेचा कस मोजण्याचें माप असें कीं, एक औंस लव किती घनइंच जागा भरून काढते तें पाहावयाचें. ६०० पासून ९०० पर्यंतचे आंकडे चिठीवर आढळतात. आंकडा जितका मोठा तितकें वस्त्र हलकें आणि किंमत भारी. उडणाऱ्यास वजनाची तितकी चिंता नसते, म्हणून मधला आंकडा पुरे. तो पैसा हातमोज्यांवर खर्च करावा.

ज्या घरांत पक्ष्यांचीं पिसें अंगावर घालणें रुचत नाहीं, तेथें दुसरा उपाय आहे. लव ही बहुधा मांसाकरितां मारलेल्या पक्ष्यांची असते. जिवंत पक्ष्यांची ती उपटली गेलेली नाहीं, अशी हमी देणारें प्रमाणपत्र २०१४ पासून मिळतें. पण ज्यांस तेंही नको असेल त्यांच्यासाठीं लवेसारखे कृत्रिम तंतू भरलेलीं जॅकेटें आहेत. असे तंतू प्रथम अमेरिकन सैन्याकरितां शोधले गेले, कारण सैनिक भिजतोच. तीं लवेपेक्षां थोडीं जड. परंतु ओलीं झालीं तरी बरीचशी ऊब राखतात, आणि घरच्या घरीं धुतां येतात. माझें स्वतःचें मत विचाराल तर, आपल्या लोकांस हींच अधिक सोयीचीं. ढगाच्या कडेनें जाणाऱ्याच्या कपड्यांवर दंव बसतें, आणि आपल्याकडे लवेचें जॅकेट पावसाळ्यांत कपाटांत कसें सांभाळावें हें थोड्यांस माहीत असतें.

मात्र उडण्याचें वस्त्र म्हणजे एकच जाड जॅकेट, ही समजूत सोडून द्यावी. आमच्या धाकट्या बंधूंची नात गतवर्षीं बीरला निघाली, तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं तिच्यासाठीं हातानें विणलेला लोंकरी स्वेटर पुढें केला. ती म्हणाली, “मोठ्या आजी, स्वेटर म्हणजे वाऱ्याला चाळण हो ! वर काय उपयोग त्याचा ?” त्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “चाळण आहे तर वरून झांकण घाल.” सिडनी कॉटनला जें तेलानें माखलेल्या कपड्यांनीं शिकविलें तें आमच्या घरीं स्वयंपाकघरांतून निघालें. लोंकरीचा स्वेटर, वर घट्ट विणीचा वारा अडविणारा पातळ कोट, ही जोडी नुसत्या फुगीर जॅकेटाहून कित्येकदां सरस ठरते. लोंकर आपल्या वजनाच्या जवळ जवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटांत घेऊनही अंगास ओली लागत नाहीं. आपल्या आज्या सोवळ्यांत धाबळी नेसत. तिचा हा गुण त्यांस शास्त्राच्या पुस्तकांवांचून ठाऊक असावा. १९७९ पासून निघालेलें ‘फ्लीस’ नांवाचें कृत्रिम मऊ कापड हें लोंकरीचेंच काम करतें आणि लवकर वाळतें. परंतु वारा त्यांतूनही तसाच आरपार जातो.

पक्ष्यांकडे पाहिलें तरी हीच रचना दिसते. भिगवणच्या पाणवठ्यावर हिवाळ्यांत डोक्यावर दोन काळ्या पट्ट्यांचे जे हंस येतात, ज्यांस पट्टकादंब म्हणतात, ते मध्य आशियांतून हिमालय ओलांडून येतात. ७,००० मीटरहून उंच त्यांचें उड्डाण यंत्रांनीं नोंदलें गेलें आहे. त्यांच्या अंगालगत लव असते, आणि तिच्यावर एकावर एक घट्ट बसलेलीं कडक पिसें असतात. लव ऊब धरते, पिसें वारा आणि पाणी अडवितात. त्यांत पुन्हा, हंस वाटेनें पंख मारीत असतो. आपली नात मात्र बसून असते.

अंगालगतच्या कपड्याविषयीं एकच सांगावयाचें, पण तें निक्षून. सुती गंजीफ्रॉक घालूं नये. सुती कापड घाम पितें आणि धरून ठेवतें. वर गेल्यावर तोच घाम ओल्या घडीप्रमाणें छातीस चिकटतो. बारीक लोंकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा अंगाबरोबर बसणारा बनियन घ्यावा. आणि कोणतेंही जॅकेट उड्डाणाच्या क्षणापर्यंत अंगांत चढवूं नये. पंख पसरीत, दोर सोडवीत, उन्हांत ताटकळत उभे राहावें लागतें. त्या वेळांत घामानें भिजलेला मनुष्य वर गेल्यावर सर्वांत आधीं गारठतो.

आतां मापाकडे वळूं. दुकानांत आरशापुढें उभें राहून जॅकेट बेतूं नये. एक खुर्ची मागून घ्यावी, तींत पाय पुढें लांब करून मागें रेलून बसावें, आणि दोन्ही हात कानांच्या उंचीपर्यंत वर धरावे. कारण आकाशांत मनुष्य तासन् तास याच आसनांत असतो, हातांत पंखाच्या लगामाच्या मुठी धरून. या स्थितींत कमरेशीं पाठ उघडी पडते काय ? बाह्या मनगटावरून खालीं सरकतात काय ? सरकत असतील तर तें जॅकेट कितीही महाग असो, परत द्यावें. मनगट उघडें राहिलें कीं हाताकडे जाणारें रक्त तेथेंच थंड होतें. बाहीचें तोंड हातमोज्याच्या आंत, किंवा हातमोज्याचा लांब घोळ बाहीवरून, असा एकावर एक बसला पाहिजे. मग डोक्यावर शिरस्त्राण घालून मान चारी दिशांस फिरवून पाहावी. उडणाऱ्यास आपल्या आजूबाजूस व खालीं दुसरा कोणी आहे कीं काय हें सतत पाहावें लागतें. जाड टोपडें मानेपाशीं दाटलें तर तें साधत नाहीं. टोपड्यापेक्षां हनुवटीपर्यंत येणारी उंच कॉलर बरी.

कापड वारा अडवितें कीं नाहीं हें पाहण्यास यंत्र नको. कापड तोंडावर घट्ट धरून फुंकावें. फुंकर पलीकडे सहज गेली तर वाराही जाईल. १९६९ सालीं बॉब गोर यांनीं ताणून केलेल्या सूक्ष्म छिद्रांच्या पापुद्र्याचा शोध लावला. त्यापासून जीं ‘गोअर-टेक्स’ वगैरे कापडें निघालीं, तीं वारा व पाऊस अडवून घामाची वाफ बाहेर जाऊं देतात. तीं उत्तम, पण पावसांत कोणी उडत नाहीं, तेव्हां साधें घट्ट विणीचें कापडही पुरतें.

एक गोष्ट मी कोणाही तरुणास बजावून सांगेन. उडणाऱ्याच्या बसण्याच्या झोळींत संकटकाळीं उघडावयाचें दुसरें पॅराशूट असतें, आणि त्याची मूठ बाजूस किंवा पुढें पोटावर असते. फुगीर जॅकेटाचा घेर त्या मुठीवर येऊन ती झांकली जातां कामा नये. तसेंच गळ्याशीं व कमरेशीं लोंबणाऱ्या नाड्या असल्यास कापून टाकाव्या किंवा आंत शिवून घ्याव्या. त्या दोरांत अडकतात. प्रथम जमिनीवर, झोळी टांगून, जाड कपडे आणि मोजे घालून, डोळे मिटून ती मूठ एका झटक्यांत सांपडते कीं नाहीं याची दहा वेळां परीक्षा करावी. पुढची साखळी खालूनही उघडणारी असावी. दीर्घ उड्डाणांत देहधर्म आहेतच. रंग भडक असावा. मातकट आणि हिरवे रंग देवदाराच्या रानांत हरवलेल्यास शोधणाऱ्यांच्या डोळ्यांस दिसत नाहींत.

हातांचें प्रकरण मुद्दाम शेवटीं ठेवलें आहे, कारण धोका तेथेंच आहे. हात हृदयाच्या पातळीच्या वर धरलेले, वाऱ्यांत पुढें केलेले, आणि मुठी आंवळलेल्या. तीनही कारणांनीं बोटांस रक्त कमी पोंचतें. शरीर गारठूं लागलें कीं तें प्रथम हातापायांकडचें रक्त आंखडून पोटांतील इंद्रियांस देतें. म्हणून हात गारठत असतील तर नुसते मोजे जाड करून भागत नाहीं. छाती-पोट ऊबदार राखावें लागतें, आणि म्हणूनच जॅकेटाचा एवढा खल. बधिर बोटांस पंखाच्या लगामाचा ताण कळत नाहीं. पंख एका बाजूनें दुमडला तर तो हातांतील ताणावरून कळतो. आणि दुसऱ्या पॅराशूटची मूठ ओढण्याचा प्रसंग आला तर बोटें वळलींच पाहिजेत. पांच बोटांच्या मोज्यांपेक्षां चार बोटें एकत्र ठेवणारे मोजे अधिक ऊबदार. आंत पातळ मोजे असावेत. फार उंच जाणाऱ्यांनीं बॅटरीचे मोजे घ्यावेत, पण त्यांतील वीज मध्येंच संपली तरी साधे मोजे म्हणून चालतील असे घ्यावेत.

कांपरें भरलें, बोलणें अडखळूं लागलें, किंवा साधा निर्णय करावयास वेळ लागूं लागला, कीं खालीं उतरावें. शरीराचें आंतील तापमान ३५ अंशांखालीं जाऊं लागलें कीं बुद्धीच प्रथम मंदावते, आणि ज्याची बुद्धि मंदावली त्यास तें कळत नाहीं. उंचीवरील विरळ हवेंत प्राणवायु कमी, त्यानेंही तेंच होतें. म्हणून जोडीनें उडणाऱ्यांनीं संदेशयंत्रावरून मधून मधून एकमेकांशीं बोलत राहावें आणि उत्तरें नीट येतात कीं नाहीं तें ऐकावें.

जॅकेटाची मर्यादाही सांगितली पाहिजे. फेब्रुवारी २००७ मध्यें ऑस्ट्रेलियांत मॅनिला या गांवीं विश्वस्पर्धेची तयारी चालू असतां एव्हा विश्निएर्स्का ही जर्मन संघांतील महिला वादळी ढगांत ओढली गेली. तिच्या यंत्रानें ९,९४६ मीटर उंची नोंदली. तेथें उणे पन्नास अंशांच्या आसपास थंडी होती. ती बेशुद्ध होऊन बऱ्याच वेळानें खालच्या हवेंत शुद्धीवर आली आणि जिवंत उतरली. त्याच दिवशीं त्याच ढगांत सांपडलेला चिनी खेळाडू हे झोंगपिन मात्र मरण पावला. अशा ढगाकरितां कोणत्याही दुकानांत वस्त्र नाहीं. तो वाढतांना दिसतांच दूर जाणें, हाच उपाय.

जे नुसते शिक्षकाबरोबर दोघांच्या पंखाखालीं वीस मिनिटें उडून येणार, त्यांनीं एवढा खटाटोप करूं नये. घरचा स्वेटर, वर वारा अडविणारा कोट, कानटोपी, मोजे; झालें. कामशेतला तर आंखूड टेकडीवर पातळ कोटच पुरतो.

परत आल्यावर लवेचें जॅकेट दाबून पिशवींत ठेवूं नये, सैल टांगावें. धुतांना सौम्य साबण वापरावा, पिळूं नये, आणि सुकवितांना यंत्रांत त्याबरोबर टेनिसचे दोन-तीन चेंडू टाकावे, म्हणजे लवेच्या गुठळ्या फुटतात. लोंकरी स्वेटर मात्र टांगूं नये, तो ओघळतो. सपाट जागीं सांवलींत पसरावा, आणि ठेवतांना त्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा.